जिनोआत राहायचं कुठे? (झेड ॲक्सिस विसरू नका!)

सुरुवातीलाच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. मराठी हा माझा 'स्कोअरिंग' विषय कधीच नव्हता, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका एडिटरने दुरुस्त केल्या असतील असं धरून चालते. मराठी विभागाला लेख कमी पडतायत म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तू इटलीला जाऊन आलीस ना? मग लिही की!"

आता पिझ्झा आणि पिसाचा मनोरा सगळ्यांनी हजार वेळा बघितलाय. त्यापेक्षा जरा कामाचं लिहिते. थर्ड इयरच्या सुट्टीत आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी मी जिनोआला होते. तिथले लोक जेनोव्हा म्हणतात. इटलीच्या वायव्येला भूमध्य समुद्रावरचं मोठं बंदर, कोलंबसचं गाव. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे राहायचं कुठे? स्टायपेंड मर्यादित, बाबांचे पैसे त्याहून मर्यादित, आणि एकटी मुलगी म्हणून आईचे दिवसाला तीन फोन. या तिघांना सांभाळून खोली शोधायची होती. ती शोधताना मी जे शिकले (आणि जिथे आपटले) ते पुढे जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

पहिली चूक : ६५० मीटर

पहिल्या आठवड्यासाठी मी घरी बसूनच एक खोली बुक केली. पियाझ्झा प्रिंचिपे या मोठ्या स्टेशनपासून नकाशावर मोजलं तर ६५० मीटर. म्हटलं, एवढं तर आपण हॉस्टेलपासून मेसला जातो! टॅक्सीचे पैसे वाचवले म्हणून स्वतःवर खूषही झाले.

स्टेशनातून बाहेर पडले, फोन हातात घेतला आणि निघाले. पाच मिनिटांनी रस्ता संपला आणि पायऱ्या सुरू झाल्या. संपतच नाहीत! एक वळण, परत पायऱ्या. हातात २३ किलोची बॅग, त्यात आईने दिलेला चकलीचा डबा. मध्ये एक आजी हातात भाजीची पिशवी घेऊन मला ओव्हरटेक करून गेल्या. वर पोचले तेव्हा तोंडातून शब्द फुटेना.

घरमालकीण बाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "लिफ्टने का नाही आलात?"

लिफ्ट?? तर स्टेशनजवळच्या व्हिया बाल्बी या रस्त्यावर एक बोगद्याचं तोंड आहे. मी त्याच्या समोरून गेले होते आणि मला ते पार्किंग वाटलं होतं! ती मोंतेगालेत्तोची लिफ्ट. २००४ साली सुरू झाली. तिची केबिन आधी डोंगराच्या पोटात २०० मीटरहून जास्त आडवी जाते, मग तीच केबिन शाफ्टमध्ये शिरते आणि साधारण ७० मीटर सरळ वर चढते. आपण आतच उभे. मेकॅनिकलवाल्यांनी फक्त ही लिफ्ट बघायला जिनोआला जावं.

त्या रात्री पाय दुखत होते म्हणून झोप येईना, तेव्हा मी गणित केलं. माझं आणि बॅगचं मिळून वजन ७५ किलो, उंची ७० मीटर. एमजीएच म्हणजे सुमारे ५१ किलोज्यूल. म्हणजे फक्त १२ किलोकॅलरी! शरीराची एफिशियन्सी २५ टक्के धरली तरी दोन बिस्किटं. फिजिक्स बरोबर होतं, पण माझे गुडघे ते मानायला तयार नव्हते.

नकाशाला तिसरी बाजू लावा

चूक नकाशाची नव्हती. मी एक्स आणि वाय बघितले, झेड बघितलाच नाही. जिनोआचं सगळं रहस्य त्या झेडमध्ये आहे.

शहराची रचना अशी आहे. मागे डोंगर, पुढे समुद्र, मध्ये सपाट जागा जवळजवळ नाहीच. म्हणून शहर किनाऱ्याने आडवं पसरलं, पश्चिमेच्या व्होल्त्रीपासून पूर्वेच्या नेर्व्हीपर्यंत तीसेक किलोमीटर. आणि जे आडवं मावलं नाही ते डोंगरावर उभं चढलं. त्यामुळे नकाशावर शेजारी दिसणारी दोन घरं प्रत्यक्षात एकमेकांच्या वीस मजले वर-खाली असू शकतात.

यावर एक सोपा हिशेब आहे. डोंगर चढणारे लोक नेस्मिथचा नियम वापरतात. १८९२ सालचा आहे, पण अजून चालतो. ५ किलोमीटर सपाट चालायला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १० मीटर चढ हा वेळेच्या हिशेबाने सुमारे ८३ मीटर सपाट रस्त्याएवढा. माझे ६५० मीटर अधिक ७० मीटर चढ याचं उत्तर येतं सव्वा किलोमीटर. हेसुद्धा बॅगेशिवाय!

दुसरी युक्ती रस्त्याच्या नावात आहे. पत्त्यात 'सालीता' असेल तर चढण. 'स्कालिनाता' असेल तर सरळ पायऱ्या. 'व्हिको' म्हणजे बोळ, तिथे गाडी दारापर्यंत येणार नाही. हे तीन शब्द पाठ करा. पत्ता स्वतःच सांगतो की बॅग चाकांवर जाणार की डोक्यावर.

१५७६ची बुकिंग सिस्टीम

'पाहुण्याला कुठे उतरवायचं' हा प्रश्न या शहराला जुना आहे. जिनोआ तेव्हा स्वतंत्र रिपब्लिक होतं. राजे नव्हते, त्यामुळे राजवाडाही नव्हता. मग बाहेरचा राजा किंवा कार्डिनल आला तर उतरणार कुठे? १५७६ साली सेनेटने हुकूम काढला आणि श्रीमंतांच्या वाड्यांच्या याद्या केल्या. या याद्यांना म्हणायचे 'रोल्ली'. वाड्यांचे दर्जे ठरवले होते आणि पाहुणा जेवढा मोठा तेवढा वरच्या दर्जाचा वाडा. चिठ्ठी टाकून नाव काढायचं, आणि ज्याचं नाव निघेल त्याने सरकारी पाहुण्याची सोय करायची. यातले ४२ वाडे २००६पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. व्हिया गारिबाल्दीवर चक्कर मारलीत तर एका रांगेत बघायला मिळतात.

आपल्यासाठी कोणी चिठ्ठी काढत नाही. आपली यादी आपणच करायची. ही माझी :

जुनं शहर : इथल्या अरुंद गल्ल्यांना 'कारुज्जी' म्हणतात. दोन्ही बाजूंना सहा-सात मजली घरं आणि मध्ये दोन-तीन मीटरची वाट. इथे फोनचं जीपीएस वेड्यासारखं उड्या मारतं, कारण सिग्नल भिंतींवर आपटून येतो. स्टेशन, मेट्रो, खाणं-पिणं सगळं जवळ. फारिनाता नावाचा हरभऱ्याच्या पिठाचा पदार्थ मिळतो, आपल्या धिरड्याचा सख्खा चुलत भाऊ! मी व्हेजिटेरियन, तर आठ आठवडे मला त्यानेच जगवलं. पण झेड इथेही सोडत नाही. खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही, भिंतींना ओल असते. वरच्या मजल्यावर उजेड आहे, पण बऱ्याच घरांत लिफ्ट नाही. आणि गल्लीगल्लीत फरक आहे. व्हिया प्रे आणि माद्दालेनाच्या काही गल्ल्या दिवसा गजबजलेल्या असतात, पण रात्री एकटीने जाताना मला बरं वाटलं नाही. खोली बघायला दुपारी जाऊ नका, रात्री दहाला जा.

जुन्या बंदरासमोर : 'सी व्ह्यू' वाचून हुरळून जाऊ नका. जुन्या बंदराचं रूप १९९२ साली रेन्झो पियानो या आर्किटेक्टने पालटलं, ते सुंदरच आहे. पण शहर आणि बंदर यांच्या मधून १९६५ साली बांधलेला उंच रस्ता जातो. खिडकी त्याच्या उंचीला आली तर समुद्राआधी गाड्या दिसतात. ऐकू तर येतातच.

प्रिंचिपेच्या आसपास : सार्डिनिया, सिसिली, ट्युनिस इकडे जाणाऱ्या फेरी इथून जवळ सुटतात. एक-दोन रात्रींसाठी सोयीचं. एक मात्र सांगते. जाहिरातीतल्या 'बंदराजवळ' या शब्दाला काही अर्थ नाही. माझा मामा मर्चंट नेव्हीत आहे. तो म्हणाला, "जिनोआ? अगं किती वेळा गेलोय!" त्याचं जिनोआ म्हणजे प्राचं कंटेनर टर्मिनल, जुन्या बंदराच्या पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवर. मामाने शहर पाहिलेलंच नाही!

कास्तेल्लेत्तो : जुन्या शहराच्या डोक्यावरचा भाग. शांत, हवेशीर, कुटुंबांची वस्ती. पियाझ्झा पोर्तेल्लोहून लिफ्ट वर येते, ही लिफ्ट १९०९ सालची. मी शेवटी इथेच एका शेअर्ड फ्लॅटमध्ये राहिले. तोटा एकच : लिफ्ट आणि फ्युनिक्युलर रात्री बंद होतात आणि कधीकधी मेंटेनन्ससाठीही बंद असतात. खोली ठरवण्याआधी शेवटच्या फेरीची वेळ बघा आणि ती चुकली तर कुठली बस आहे तेही बघा.

अल्बारो आणि बोक्कादास्से : पूर्वेकडचा श्रीमंत भाग. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असाल तर युनिव्हर्सिटीचा आपला विभाग इथेच आहे, सोळाव्या शतकातल्या एका व्हिलात! भाडं मात्र तसंच शाही. बोक्कादास्से हे कोळ्यांचं जुनं गाव, संध्याकाळी जाऊन बसायला उत्तम.

नेर्व्ही : पूर्वेचं टोक. समुद्राकाठाने चालायची वाट, बागा, आणि ट्रेनने ब्रिन्योले स्टेशन पंधराएक मिनिटांवर. अंतर जास्त असूनही कधीकधी कास्तेल्लेत्तोपेक्षा लवकर पोचता, कारण ट्रेनला चढ नाही!

सांपियेरदारेना आणि सेस्त्री पोनेन्ते : पश्चिमेची कामगार वस्ती. स्वस्त, एअरपोर्ट जवळ, ट्रेन आहे. आणि कोणाला आयआयटीत इंटर्नशिप मिळाली तर (हसू नका, तिथेही आयआयटी आहे, इटालियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी!) ती मोरेगोला, पोल्चेव्हेरा नदीच्या खोऱ्यात आत आहे. त्यांनी अल्बारोत खोली घेतली तर रोज शहर पार करावं लागेल. मी एकदा तिथे एक लेक्चर ऐकायला गेले आणि घरी फोन करून सांगितलं, "आई, मी आयआयटीत आहे." बाबा दोन मिनिटं गप्पच झाले.

डोक्यावर काय, पायाखाली काय?

इथपर्यंत झेड म्हणजे दमछाक. पण झेडचा खरा अर्थ मला जुलैमध्ये कळला.

माझी एक बॅचमेट सप्टेंबरपासून एका सेमिस्टरसाठी तिकडे येणार होती. तिने मला एक खोली बघायला सांगितली. ब्रिन्योले स्टेशनच्या मागे, बिझान्यो नदीच्या बाजूला. सगळं सपाट, पायऱ्या नाहीत, बस दारात. खोली अर्धी जमिनीखाली, खिडकी फुटपाथच्या लेव्हलला, पण स्वच्छ. भाडं बाकीच्यांपेक्षा एक तृतीयांश कमी. मी तिला व्हिडिओ कॉलवर दाखवली आणि म्हटलं, डोळे झाकून घे.

बाहेर आले तर शेजारच्या बेकरीच्या दाराला दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा दिसल्या. मला वाटलं शटरच्या असतील. बेकरीवाल्या काकांना विचारलं तर त्यांनी हात स्वतःच्या छातीपर्यंत नेला आणि म्हणाले, "आक्वा." पाणी. पाऊस येणार असला की त्या खाचांत फळ्या बसवतात.

मग मी वाचलं. बिझान्यो ही उन्हाळ्यात ओढ्यासारखी दिसते. तिचा शेवटचा टप्पा १९३०च्या सुमारास वरून झाकून टाकला आणि वर रस्ते केले. डोंगर जवळ आणि उतार तीव्र, त्यामुळे पाऊस पडल्यापासून पाणी खाली यायला फार वेळ लागत नाही. शरद ऋतूत समुद्र अजून गरम असतो, त्याची दमट हवा डोंगराला अडते आणि ढग एकाच जागी तासन्‌तास कोसळतात. झाकलेल्या भागातून जेवढं पाणी जाऊ शकतं त्यापेक्षा जास्त आलं की ते रस्त्यावर. ओपन चॅनेल फ्लोचा चॅप्टर आपण पास होण्यापुरता वाचतो, इथे तो घरात शिरतो. ४ नोव्हेंबर २०११ला फेरेज्जानो या बिझान्योला मिळणाऱ्या ओढ्याला पूर आला आणि ६ जणी गेल्या, त्यात लहान मुलीही होत्या. त्यांच्यातल्या काही जणी पाण्यापासून वाचायला एका इमारतीच्या खालच्या प्रवेशद्वारात शिरल्या होत्या. ऑक्टोबर २०१४मध्ये बिझान्यो पुन्हा शहरात आली, तेव्हाही एकाचा जीव गेला. त्यानंतर फेरेज्जानोचं पाणी वळवणारा बोगदा झाला, बिझान्योसाठीही मोठा बोगदा हाती घेतला गेला. पण अर्ध्या जमिनीखालच्या खोलीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झोपायचं का, हा प्रश्न उरतोच.

मैत्रिणीला सांगितलं तर ती चिडली. "आधी घे म्हणालीस, आता नको म्हणतेस! चार महिन्यांचे किती पैसे वाचतायत माहितेय?" तिच्या बाबांनी लोन काढलं होतं, तिचंही चूक नव्हतं. म्हणाली, "दर वर्षी थोडाच पूर येतो?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस आम्ही बोललो नाही.

त्याच आठवड्यात मी पोल्चेव्हेराच्या खोऱ्यात गेले, मोरांदी पूल जिथे होता तिथे. सिव्हिलवाल्यांना माहीतच असेल, १९६७ साली सुरू झालेला हा पूल १४ ऑगस्ट २०१८ला पावसात कोसळला आणि ४३ माणसं गेली. त्या पुलाच्या अगदी खाली माणसांची घरं होती. शेकडो लोकांना ती कायमची सोडावी लागली आणि नंतर ती पाडली. २०२०मध्ये तिथे नवा पूल झाला, तो रेन्झो पियानोनेच डिझाइन केला. खाली मेलेल्यांच्या आठवणीत ४३ झाडं लावली आहेत. मी तिथे उभी राहून विचार करत होते की या लोकांनी घर घेताना काय बघितलं असेल? भाडं, बस, बाजार. डोक्यावरच्या पुलाचं ऑडिट कोणी मागत नाही. ते काम आपलं असतं, इंजिनिअरचं. पण नदी कुठे आहे आणि आपण तिच्यापेक्षा किती वर झोपणार, एवढं तर कोणीही बघू शकतं.

हे मी तिला फोनवर सांगितलं. भांडायला नाही, नुसतंच. ती काही बोलली नाही. चार दिवसांनी तिचा मेसेज आला : "पाचवा मजला. लिफ्ट नाही. नदीपासून लांब. खूष?"

पत्ता आणि कागद

आता शेवटच्या पण कामाच्या गोष्टी.

जिनोआत एकाच रस्त्यावर दोन प्रकारचे घर नंबर असतात. घरांना काळे, दुकानांना लाल. लाल नंबरापुढे पत्त्यात 'आर' लिहितात. त्यामुळे १२ आणि १२आर या दोन वेगळ्या जागा आहेत, एकमेकींपासून बऱ्याच लांबही असू शकतात. मी एकदा खोली समजून केस कापायच्या दुकानात शिरले होते. 'इंतेर्नो' म्हणजे फ्लॅट नंबर. बेलवर नंबर नसतो, आडनाव असतं, ते आधी विचारून ठेवा. उतारावरच्या काही इमारतींत प्रवेश वरच्या रस्त्याने असतो, त्यामुळे तुमचा मजला दारापेक्षा खाली निघू शकतो. 'सेमिंतेर्रातो' लिहिलं असेल तर अर्धं जमिनीखाली.

थोड्या दिवसांसाठी घेतलेल्या जागेच्या जाहिरातीत 'सीआयएन' हा सरकारी कोड असायला हवा, २०२५पासून इटलीभर तो सक्तीचा आहे. नसेल तर ॲडव्हान्स पाठवू नका. तुमचा पासपोर्ट बघून माहिती पोलिसांना कळवणं हे मालकाचं काम आहे, त्यामुळे पासपोर्ट मागितला तर घाबरू नका. रोजचा सिटी टॅक्स वेगळा पडतो, तो भाड्यात धरलाय का ते विचारा. ३० दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर रजिस्टर केलेलं काँट्रॅक्ट मागा. 'कागद नको, थोडं कमी द्या' म्हणणारा मालक भेटला तर नमस्कार करून बाहेर पडा. व्हिसाला राहण्याचा पुरावा लागतोच, शिवाय भांडण झालं तर तुमच्या हातात काहीतरी हवं.

ऑक्टोबरमध्ये मी परत आपल्या कॉलेजात सबमिशन्समध्ये बुडाले होते, तेव्हा रात्री मैत्रिणीचा मेसेज आला. तिकडे रेड अलर्ट होता, दुसऱ्या दिवशी शाळा-कॉलेज बंद. दिवसभर पाऊस कोसळला. नदी काठापर्यंत आली आणि उतरली. काही झालं नाही. ती अर्धी जमिनीखालची खोलीसुद्धा बहुतेक कोरडीच राहिली असेल. म्हणजे हिशेबाने तिचे पैसे फुकट गेले म्हणा.

तिने लिहिलं होतं, "रोज ९८ पायऱ्या चढताना तुला शिव्या घालते. आज मात्र झोपते शांत."

तर पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनो, खोली बघताना एक्स आणि वाय सगळेच बघतात. तुम्ही झेड बघा. आणि चकलीचा डबा बॅगेत तळाशी ठेवा, माझ्या अर्ध्या चकल्यांचा त्या पायऱ्यांवर भुगा झाला होता.